माझ्या अंगाच्या दोन किमती

मित्रांनो, मी गोव्यातल्या कोरगावातले एक जुने घर आहे. चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौले, पुढे बसायला सोपा आणि पाठीशी काजूची टेकडी. एवढाच माझा थाट.

मला बांधले रघुनाथने. काजूच्या बागेत राबून त्याने पै पै साठवली आणि चंदगडकडचा शंकर गवंडी बोलावला. शंकर एक डोळा मिटून ओळंबा बघायचा आणि म्हणायचा, “रघुनाथबाब, ही भिंत तुमच्या नातवंडांनाबी पुरंल!” मग पंचायतीची माणसे आली. त्यांनी माझी लांबी-रुंदी मोजली, भिंती आणि छप्पर कसले ते पाहिले, आणि मला घरपट्टी लागली. पहिली घरपट्टी भरून आला त्या दिवशी रघुनाथने साऱ्या वाडीला चहा पाजला. गावाने मला घर म्हणून मानले होते!

रघुनाथची दोन मुले माझ्याच जमिनीवर रांगली. थोरली सुमंगला, धाकटा सगुण. सुमंगला लग्न होऊन डिचोलीकडच्या पाळी गावाला गेली. तिच्या नवऱ्याचा ट्रक खाणीवर चालायचा. खाणी थंडावल्या, तसा ट्रक दारात उभा राहिला. आईवडील गेल्यावर माझ्यात सगुण आणि त्याची बायको हर्षा राहू लागली. हर्षा दरवर्षी मिरगाआधी शिडीवर चढून कौले परतायची, फुटकी काढून नवी बसवायची. आतल्या खोलीकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. तिथल्या तुळईला वाळवी लागली, आणि मी ती मुकाट्याने सोसत राहिले.

पुढे जवळच मोपा गावी विमानतळ झाला. डोक्यावरून विमाने जाऊ लागली. दर वेळी माझी कौले थरथरत. मला वाटे, हे आपल्यासाठी नाही.

मग एक दिवस सगुणने मला एकट्याच्या नावावर करून घ्यायचे ठरवले. आमच्या गोव्यात लेकीचाही बरोबरीचा वाटा असतो. तो सुमंगलेला म्हणाला, “ताय, पंचायतीच्या आकारणीत घर चार लाखांचा धरलेला असा. तुझे दोन लाख.”

“तू म्हणतंस ता खरा,” सुमंगला म्हणाली. “गौरवीच्या नर्सिंगाच्या फीक हातभार लागतलो.” गौरवी तिची मुलगी. सह्या पुढच्या सोमवारी करायच्या ठरल्या.

ते दोन लाख उभे करायला सगुण कर्जासाठी बँकेत गेला. बँकेने माझी किंमत काढायला तेजस्विनी नावाच्या बाई पाठवल्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलेच नाही. रस्ता किती रुंद, विहिरीला पाणी किती, विमानतळ किती लांब ते विचारले, कुंपणाच्या कडेकडेने फिरून आल्या, आणि मग सोप्यावर बसून म्हणाल्या, “जागेसकट आज एक कोटी वीस लाखांच्या खाली जाणार नाही.”

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली हर्षा उंबऱ्यातच थबकली.

“मॅडम, खंय तरी चूक झाली,” सगुण म्हणाला. “पंचायतीत चार लाख असत.”

“चूक नाही. ती आकारणी फक्त भिंतींची आणि छपराची आहे, आणि तीही फार जुनी. बाजार बघतो तो जागेकडे. घर जुनं होतं तसं उतरत जातं. जागा चढत जाते.”

मित्रांनो, मी स्तब्ध झाले. इतकी वर्षे मला वाटायचे की मीच या जागेची शोभा. आणि जिच्यावर मी पाय रोवून उभे, ती पायाखालची मुकी माती माझ्याहून कितीतरी पटींनी मोठी निघाली! कोंबड्यांनी उकरलेली, शेणाने सारवलेली ती माती. तिने कधी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

संध्याकाळी हर्षा हळूच म्हणाली, “सही होवंदे सोमवारी. मगे सांगूया तायक.”

सगुणने नकारार्थी मान हलवली.

“इतकी वर्सां कौलां कोणी परतली? मी की तायन?”

“तू परतलंस,” सगुण म्हणाला. “पण बाबान घर दोघांक बांधलेला.” त्याने माझ्या भिंतीवर तळवा टेकला. मग त्याने फोन उचलला. “ताय, उद्या ये. फोनार सांगण्यासारखा नाय.”

सुमंगला आली. सगुणने तिला उभ्या उभ्याच सगळे सांगितले. ती आधी हसली. मग अंगणात उतरली आणि देवळात शिरताना काढावी तशी तिने चप्पल काढली.

“ह्याच मातयेत आमी खेळलंव मरे, सगुण!”

“ताय, तुझो अर्दो वाटो देवक माझ्याकडे पैसे नाय. इकूचाच लागतला.”

विकले तर घेणारा मला पाडणार, हे तिघांनाही ठाऊक होते. माझी कौले तेव्हा थरथरली. वर विमान नव्हते.

“तू सांगूक नसतंस तर माका कळला नसता,” सुमंगला सावकाश म्हणाली. “सांगलंस, थयच माझो वाटो माका पावलो. इकूचा नाय. घर दोघांच्या नावार ऱ्हवंदे. बँक ह्या जागेर गौरवीच्या फीपुरता कर्ज दिता काय, विचार.”

“हप्तो मी भरतंय,” सगुण म्हणाला. “घरात मी रवतंय. भाडा समज.”

हर्षाने भिंतीला टेकलेल्या शिडीकडे पाहिले. मग म्हणाली, “ताय, घर दोघांचा तर कौलांय दोघांची. मिरगाआधी येवा परतूक.”

“येतंय तर!”

आणि ती खरेच आली. हर्षा वर, सुमंगला खाली. हातोहात कौले चढली. गौरवी नर्सिंगला गेली. आतल्या खोलीतली वाळवीची तुळईही यंदा बदलली. माझी घरपट्टी मात्र आहे तेवढीच आहे.

मित्रांनो, तुमच्या घराची किंमत जरूर विचारा. पण कळली की ज्यांचा ज्यांचा तिच्यात वाटा आहे, त्या सगळ्यांना आधी सांगा. आणि जमेल तेव्हा शिडी घेऊन एकदा वर चढा. किंमत कागदावर कितीही असो, फुटके कौल माणसाच्या हातानेच बदलावे लागते.