कनीजबाईंची चाळण आणि हिरवे गोळे

मित्रांनो, मी एक जुनी चाळण आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका. माझा पत्रा कंपनीतला आहे. बाजारच्या चाळण्या दोन दिवाळ्यांत फाटतात, मी अजून ताठ आहे. अक्षर मला एक येत नाही, पण शाळेत मी तुमच्यापेक्षा जास्त वर्षं काढली आहेत. तेव्हा नीट बसून ऐका.

चिखलीत नवाबभाईंचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. पिंपरीच्या कंपन्यांतून भोकं पाडलेल्या पत्र्याचे तुकडे भंगारात येत. त्यातला एक नवाबभाईंनी गोल कापला, कडेला पट्टी वळवली, डाग दिला आणि मी जन्मले. मला त्यांनी विकलं नाही, घरातच ठेवलं. त्यांची लेक कनीज माझ्यात गहू चाळता चाळता धडे पाठ करायची. पुढे ती बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली आणि मोशीच्या शाळेत विज्ञानाची बाई झाली. तोवर नवाबभाईंचे हात थरथरायला लागले होते. दुकान बंद पडलं आणि घर लेकीच्या नोकरीवर आलं.

शाळेतली पोरं "पदार्थ कणांचा बनलेला असतो" असं एका सुरात म्हणायची. म्हणजे काय, असं विचारलं की छताकडे बघायची. मग एका सकाळी बाईंनी मला पिशवीत घातलं आणि वर्गात नेलं. माझ्यात हरभरे दाटीनं पसरले.

"हे पाण्याचे कण समजा. चाळण हलवली म्हणजे उष्णता दिली. काय होईल ते आधी सांगा, मग हलवू."

हळू हलवलं, हरभरे जागच्या जागी थरथरले. तो बर्फ. जरा जोर लावला, ते एकमेकांवरून घरंगळले. ते पाणी. आणखी जोर लावला, ते उडून बाहेर पडले. ती वाफ. दुसऱ्या दिवशी हरभऱ्यांत मोहरी टाकली. सुटी मोहरी माझ्यातून खाली पडली, ते मिश्रण. गुळाच्या पाकानं हरभऱ्याला चिकटवलेली मोहरी कितीही हलवलं तरी पडेना, ते संयुग.

बाई म्हणायच्या, "ही नक्कल आहे. नक्कल कुठंतरी खोटी पडतेच. ती कुठं खोटी पडते ते शोधा. शास्त्र तिथून सुरू होतं."

मग पोरं माझे दोष काढत बसायची. दुसऱ्या कुणाचं मी ऐकून घेतलं नसतं. पण दोष काढण्याआधी ती मला पुसून ठेवायची, म्हणून चालवून घेतलं.

आता माझ्या वैऱ्याकडे येते. बबनराव शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांचं यंत्रं रंगवण्याचं वर्कशॉप होतं आणि घरात एक बी.एस्सी. झालेला भाचा होता. कनीजबाई अजून कायम झाल्या नव्हत्या. दसरा झाला की तपासणीचे साहेब येणार होते. पाठ त्यांच्या मनाला आला नाही तर बाई घरी आणि भाचा वर्गात, हे अख्ख्या मोशीला ठाऊक होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक कंपनीत यंत्रं धुऊन, रंगवून, हार घालून पुजतात. त्या वर्षी बबनरावांनी शाळेचं साहित्यही पुजायला काढलं. एका कंपनीनं शाळेला अणूंचे लाकडी गोळे दिले होते. काळा कार्बन, तांबडा ऑक्सिजन, पांढरा हायड्रोजन. बबनरावांनी ते रंगवायला उचलले.

"अध्यक्षसाहेब, रंग हीच त्यांची ओळख आहे," बाई म्हणाल्या.

"अवो बाई, मळल्यात ते. देवापुढं मळकं ठेवायचं व्हय?"

गोळे परत आले ते सगळे एकाच हिरव्या रंगात, लेथ मशीनला मारतात त्या. पूजेच्या टेबलावर बाईंनी मलाही ठेवलं होतं. बबनरावांनी मला दोन बोटांनी उचललं.

"ही कशाला हितं? भोकं पडल्याल्या भांड्यात इद्या ऱ्हाईल का?"

असं म्हणून त्या माणसानं मला खिडकीतून बाहेर भिरकावलं. माझी कड दगडावर चेपली. मित्रांनो, पोचा मला दुखला नाही, पूजेला जमलेल्यांचं हसणं दुखलं. मी त्याच क्षणी मनाशी म्हटलं, थांब बाबा, तुझे दिवस भरले. बाईंनी मला उचलून आणलं आणि वर्गातल्या टेबलाखाली ठेवलं.

साहेब आले. बबनराव पहिल्या बाकावर मांडी ठोकून बसले. साहेबांनी गोळे हातात घेतले.

"यातला ऑक्सिजन कोणता?"

कस्तुरा नावाची पोरगी उठली. "साहेब, दसऱ्याच्या आधी तांबडा होता."

"हे रंगवले कोणी?"

"आमच्या भाच्यानं," बबनराव छाती काढून म्हणाले. "बी.एस्सी. हाय त्यो."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मला इतका आनंद गव्हाच्या सुगीतसुद्धा झाला नव्हता.

"बाई, दुसरं काही आहे?"

बाईंनी मला वर काढलं, हरभरे पसरले आणि शांतपणे म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, तुम्ही उष्णता द्या."

साहेब हसून म्हणाले, "द्या की."

आता नाही कसं म्हणणार? बबनराव उठले, मला धरून हलवू लागले.

"जोरात, अध्यक्ष," कस्तुरा म्हणाली. "अजून बर्फच हाय."

ते घामाघूम झाले. मी माझी चेपलेली कड त्यांच्या तळव्यात चांगली रुतवली. हरभरे उडाले. एक कॉलरमध्ये गेला, दोन टोपीवर बसले.

"वाफ झाली," वर्ग म्हणाला.

"आणि ही नक्कल खोटी कुठं पडते?" साहेबांनी विचारलं.

कस्तुरा म्हणाली, "अध्यक्ष दमले की हरभरे थांबतात. खरे कण दमत न्हाईत."

जाताना साहेब दारातच बबनरावांना म्हणाले, "या बाईंना सोडू नका. भाचा रंगकामाला ठीक आहे." बाई त्याच वर्षी कायम झाल्या. तपासणीच्याच संध्याकाळी नवाबभाईंनी माझा पोचा काढायला हातोडी घेतली, तर बाईंनी त्यांचा हात धरला. "राहू द्या, अब्बा. ही खूण तिची कमाई आहे."

वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी गोड बोलून सांगणार नाही. आम्ही मुक्या असतो, विसराळू नसतो. यंदा बबनरावांची नात आठवीत आली आणि घरी दाखवायला मला घेऊन गेली. तिच्यावर माझा राग नाही. म्हातारा ओसरीवर बसला होता. त्यानं मला ओळखलं. रात्री मांजर पाडेल म्हणून तो स्वतः उठला, मला दोन्ही हातांनी उचललं आणि फळीवर आत सरकवून ठेवलं.

मी त्याला माफ केलेलं नाही. पण वस्तू धरायची ती तशीच.