गोलातला सी

टायपिंगमध्ये रुपालीचा हात धरणारं अख्ख्या साखर पेठेत कुणी नव्हतं, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

ती काम करायची त्या प्रभुलिंगअण्णांच्या छापखान्यात मैंदर्गीच्या तानाबाईंच्या ओव्यांचं पुस्तक आलं, तेव्हा तानाबाईंचा मुलगा भारत यानं एकच गोष्ट तीनदा बजावली. आईच्या नावाआधी गोलातला सी, म्हणजे कॉपीराइटची खूण, पाहिजे. कारणही तसंच होतं. मेंढरांमागं हिंडत म्हातारीनं रचलेल्या ओव्या एका गृहस्थानं मोबाईलमध्ये भरून नेल्या आणि स्वतःच्या नावानं छापल्या. वर तो सी लावून! तानाबाईंना वाचता येत नव्हतं, पण ती खूण त्यांच्या डोळ्यांत बसली होती.

रुपालीनं ऑल्ट दाबून धरलं, उजवीकडच्या आकड्यांवर शून्य-एक-सहा-नऊ मारलं, खूण हजर. त्यात काय मोठंसं! मग अण्णा म्हणाले, पानाचा फॉन्ट एकसारखा कर. तिनं सगळं पान निवडून दुकानातला जुना मराठी फॉन्ट लावला. त्या फॉन्टात त्याच आकड्यावर 'श्री' बसलेला असतो, हे तिला पाठ होतं. पण घाई नडली. प्रूफ वाचताना अण्णांनाही काही खटकलं नाही. नावाआधी श्री नसला तरच आपल्या लोकांना खटकतं.

तीनशे प्रती बांधून झाल्या. दुसऱ्या दिवशी मैंदर्गीत प्रकाशन. गठ्ठे बांधताना रुपालीनं सहज पान उलटलं आणि हातातली सुतळी खाली ठेवली. 'श्री तानाबाई'. बाईमाणसाला श्री! अण्णा म्हणाले, गप बस, आतलं पान कोण बघतंय, म्हातारीला तर वाचताही येत नाही. रुपालीला ते क्षणभर पटलंही, खोटं कशाला सांगा.

तेवढ्यात भारत आईला घेऊन आला. तानाबाईंनी मुखपृष्ठावरचा स्वतःचा फोटोही पाहिला नाही. थेट पान उलटलं आणि नावाच्या जागी बोट फिरवत राहिल्या.

"माजा गोल कुटं हाय गं?"

अण्णा डोळ्यांनी दटावत होते. रुपालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तो छापलाच गेला नाही, आज्जी. चूक माझी आहे."

भारत तापला. नवीन पान छापून बांधायला दोन दिवस लागतील म्हणून अण्णांनी हात वर केले. रुपाली काळं पेन घेऊन बसली, पहिल्या प्रतीतला 'श्री' खोडला आणि त्याच्या शेजारी गोल काढायला गेली. तानाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"दे हिकडं. ओव्या माज्या, तर गोलबी मीच काडते."

आजवर कागदावर नुसता अंगठा उठवलेल्या त्या हातानं गोल बरा काढला, पण आतला सी उलटा आला. रुपालीनं त्याचं तोंड कुठं ठेवायचं ते दाखवलं. पुढच्या दोनशे नव्व्याण्णव प्रती दिवेलागणीपर्यंत झाल्या.

उलट्या सीची प्रत भारत बाजूला टाकत होता. तानाबाईंनी ती ओढून आपल्या पिशवीत घातली.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ही कुनाला द्यायची न्हाय. ही माजी."