फरशीखालचे काका

जुन्या बंदराच्या गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध चटईवर दर्याबाबा बसले होते आणि फरशीखालून कुणीतरी कण्हत होतं.

"हूंऽऽ..."

"ऐकलंत?" बाबा गरजले. "मोठ्या वादळात बुडालेले जीव हे! समुद्र सगळं पचवतो, पण माणसाचा आवाज त्याला पचत नाही!"

वा रे विद्वत्ता! मला हसू फुटणार होतं, पण शेजारी मावशी रडत होती.

त्या वादळात तिचे यजमान, माझे काका, होडीसकट गेले. मग बंदर गाळाने भरलं, नवं बंदर खाडीपलीकडे झालं आणि इथली निम्मी घरं कुलपं लावून तिकडे गेली. मावशी राहिली. दोन खोल्यांत एकटी, रेडिओशी भांडत.

"सुखात आहात ना?" तिने फरशीला विचारलं.

"हूंऽऽ."

"तुमच्यासाठी गोळ्या बंद केल्या हं मी."

मी तिला खांद्याला धरून माझ्याकडे वळवलं. "हृदयाच्या गोळ्या?"

"गोळ्यांनी आत्म्याचे कान बसतात," बाबा म्हणाले. "गोळी की नवरा, ठरवा!"

तिच्या घरी आल्यावर मी तडकले. "अगं, अशाने मरशील!"

"मग काय बिघडलं? तू रविवारी येतेस आणि घड्याळ बघत बसतेस. ते रोज बोलतात माझ्याशी."

त्या 'रोज'वरून माझी ट्यूब पेटली. बाबांचं दर्शन रोज थोडं उशिरा सुरू व्हायचं. भरतीही रोज तशीच उशिरा येते, म्हणजे त्यांचा मुहूर्त भरतीबरोबर सरकत होता! आणि या गोदामाखालून समुद्रापर्यंत गटार आहे. पूर्वी मासळीची घाण त्यातून ओहोटीबरोबर वाहून जायची. शाळेत गावाचा इतिहास मीच शिकवते. गावाने तो परीक्षेपुरता पाठ केला होता आणि मी शिकवण्यापुरता.

दुसऱ्या दिवशी भरती चढत असताना मी पुढे गेले.

"बाबा, जरा उठता का?"

"समाधी मोडशील तर भस्म होशील!"

"होऊ दे. पोरांना सुट्टी मिळेल."

लोक हसले. दोघा हमालांनी बाबांना चटईसकट उचलून बाजूला ठेवलं. खाली गटाराचं लोखंडी झाकण होतं आणि त्याला मधोमध भोक. त्यावर बाबांची टाच असायची. पाणी गटारात चढलं की आतली हवा भोकातून वर यायची.

बाबा बाजूला होते, तरी भोक कण्हतच होतं. मी मावशीचा हात धरला. "टाच ठेव इथे."

आवाज थांबला.

"आता उचल."

"हूंऽऽ."

तिने पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. तेवढ्यात बाबा चपला सोडून पसार झाले. गोदाम खो खो हसलं, पण मावशी हसली नाही.

"म्हणजे इतके दिवस मी गटाराशी बोलत होते," ती म्हणाली. "आता कोण बोलेल गं माझ्याशी?"

मंडळी, फरशी बोलू लागली तर आधी फरशी उचलून बघा. औषध सोडायला सांगणाऱ्याला दाराबाहेर काढा. आणि शेजारच्या एकट्या माणसाचं दार अधूनमधून वाजवा, नाहीतर ते माणूस उद्या दुसरी फरशी शोधेल.

त्या संध्याकाळी मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. मावशीने गोळी घेतली आणि तोंड वाकडं केलं.

"पाणी कडू आहे."

"पाणी नाही, गोळी कडू आहे."

"तुला काय कळतंय!" ती म्हणाली आणि आमचं भांडण जुंपलं. रेडिओ लावायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.