दुसऱ्याची करंगळी

डेल्बर्ट प्रुइटने पिस्तुलात काडतूस बसतं त्या पोकळीत करंगळी घातली, एकदा फिरवली आणि बाहेर काढून म्हणाला, "रिकामं."

"रिकामं," काउंटरपलीकडून दुकानवाल्या ट्वायला केस्लरनेही म्हटलं. तिने ते त्याच्या हातात देण्यापूर्वीच तपासलं होतं. पण बॅस्कममध्ये पिस्तूल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दोघांनीही बघायचं असतं आणि दोघांनीही तोंडाने बोलायचं असतं. गावाला ही रीत लावली ती डेल्बर्टनेच. एकतीस वर्षं, दर नोव्हेंबरात हरणांचा हंगाम उघडण्याआधी, शनिवारी शनिवारी शाळेच्या जेवणघरात तो पोरांना बंदूक कशी हाताळायची ते शिकवायचा. डोळा फसतो म्हणून करंगळी घालायची, असं तो सांगे; आणि आपली करंगळी आपलीच बाजू घेते, म्हणून वरून दुसऱ्याचीही घालायची. शिकवणं सोडून आता पाच वर्षं झाली होती आणि त्याला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं.

त्याने ते नवं पिस्तूल तळव्यावर तोललं.

"हलकं आहे," तो म्हणाला. एखाद्याची चहाडी करावी तसं.

"हलकंच पाहिजे तुला," मर्ल हॅस्किन्स कॉफीच्या किटलीजवळच्या खुर्चीतून म्हणाला. मर्ल निवृत्त पोस्टमन. पत्रं वाटणं थांबलं तरी बातम्या वाटणं काही थांबलं नव्हतं; बुधवारी त्याच्या कानावर पडलेली गोष्ट रविवारच्या आत चर्चच्या पायरीवर पोहोचायचीच. "ती ऐरण कमरेला लटकवून चालतोस ना, तेव्हा तुझी विजार बघून आम्हालाच धाकधूक होते."

"प्लॅस्टिक आहे हे, मर्ल. याचा जेवणाचा डबा करावा, पिस्तूल नाही."

"आणि तुझे दात कशाचे आहेत?"

ट्वायला हसली, डेल्बर्ट हसला नाही. लोखंडी की प्लॅस्टिकचं, हा वाद त्या दुकानात किटलीइतकाच जुना होता आणि किटलीसारखाच कधी थंड होत नसे. एका बाजूचे लोक म्हणत, आमच्या आजोबांनी हेच वापरलं आणि ते लढाईवरून जिवंत परत आले. दुसऱ्या बाजूचे म्हणत, आजोबांनी गाढवही वापरलं. डेल्बर्ट पहिल्या बाजूचा. गेली चाळीस वर्षं तो सकाळी टोपी घालावी तसं ते जड काळं पिस्तूल उजव्या कमरेला लावत आला होता, आणि त्यातून साप सोडून दुसरं काही मारलं नव्हतं. तरीही लागोपाठ तिसऱ्या बुधवारी तो या प्लॅस्टिकवाल्यासमोर येऊन उभा होता.

"याचा घोडा कुठाय?" त्याने विचारलं. हेही तिसऱ्यांदाच.

"आत आहे, मिस्टर प्रुइट."

"आत. म्हणजे घोडा ताणलाय की नाही, ते जागं आहे की झोपलंय, हे बघणाऱ्याला कळायचं कसं? माझ्याचं खोलीच्या त्या टोकावरून दिसतं."

"हे कायमच जागं समजायचं. म्हणून बोट चापाबाहेर ठेवायचं. हे तुम्हीच शिकवलंय मला."

तो का येतो हे ट्वायलाला ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे ती दाखवत नव्हती. त्याच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजून अक्रोडाएवढा झाला होता. जुन्या पिस्तुलाची सेफ्टीची कळ, गोळी चुकून सुटू नये म्हणून असते ती, अंगठ्यानेच खाली लोटावी लागते, आणि त्याला आता ती दोन्ही हातांनी लोटावी लागत होती. शिवाय मार्चमध्ये बायको नादीन गेल्यापासून तो तीस पौंडांनी उतरला होता. पट्ट्याला त्याने खिळ्याने दोन नवी भोकं पाडली होती, तरी विजार एका हाताने धरूनच तो चाले.

नादीन होती तोवर रोज संध्याकाळी जेवणाआधी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिस्तूल रिकामं करून तिच्यापुढे धरी. ती हात फडक्याला पुसून करंगळी आत घाले, "रिकामं" म्हणे आणि पुन्हा कढईकडे वळे. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना इतक्या वेळा म्हटलेला दुसरा शब्द नसेल. घर गावापासून चौदा मैलांवर, आणि त्या घरात आता करंगळ्या दोनच, त्याही दोन्ही त्याच्या. तो रिकामं करायचा, स्वतःच बघायचा, स्वतःशीच म्हणायचा. ऐकायला कोणी नसलं की बोललेला शब्दही विचित्र वाटतो. हल्ली तर तो म्हणतही नसे.

मुलगा रसेल दूर शहरात, टल्साला राहत होता. खोली तयार आहे बाबा, एवढं एकच तो दर रविवारी फोनवर सांगे. डेल्बर्टने त्याला एकदाच काय ते उत्तर देऊन ठेवलं होतं: ज्या दिवशी माझ्या हातात पिस्तूल सुरक्षित राहणार नाही, त्या दिवशी मी स्वतः घराला कुलूप लावून येईन, तोवर हा विषय नको. म्हणूनच अंगठ्याची गोष्ट त्याने रसेलला सांगितली नव्हती. पिस्तूल बदललं तर अंगठा लागणार नाही, आणि अंगठा लागला नाही तर टल्साही नको, असा त्याचा साधा हिशेब होता. पण हात पुढे करताच ते प्लॅस्टिक बोटांना परकं लागे.

"दोन्ही वजनावर ठेवून बघू या," ट्वायला म्हणाली. "मग मर्लची बडबड तरी थांबेल." तिने खिळे मोजायचा तराजू पुढे ओढला. दुकान मुळात खिळ्या-बिजागऱ्यांचं. पिस्तुलं नंतर आली.

कमरेचं पिस्तूल बाहेर काढायचं तर आधी कोपऱ्यातल्या वाळूच्या पिंपाकडे जायचं, नळी वाळूत धरायची आणि तिथेच रिकामं करायचं, हा दुकानाचा नियम. पिंपावरची पाटी ट्वायलाच्या वडिलांनी डेल्बर्टला विचारूनच लिहिली होती. तो पिंपाकडे गेला. त्याची पाठ दिसत होती, कोपर एकदा जोरात मागे आलं, वाळूत काहीतरी पडलं. त्याने वाकून काडतूस उचललं, खिशात टाकलं, मग मुठीतलं काडतुसांचं मॅगझीन काढून तेही खिशात घातलं, आणि विजार सावरत परत येऊन पिस्तूल काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ठेवलं. वरची सरकती स्लाइड मागे ओढून उघडी अडकवायची असते, म्हणजे आत काही नाही हे लांबूनच दिसतं. ती त्याने अडकवली नव्हती. अडकवायलाही अंगठाच लागतो.

"रिकामं," तो म्हणाला.

ट्वायलाने ते उचललं, नळी भिंतीकडे केली आणि सवयीने स्लाइड मागे ओढली. एक पितळी काडतूस उडून काउंटरच्या काचेवर पडलं, दोन उड्या घेतल्या आणि तराजूच्या ताटलीला लागून थांबलं.

तिने चटकन त्यावर तळवा ठेवला. तिचा तळवा मोठा होता; काडतूस दिसेनासं झालं.

"काढ हात," डेल्बर्ट म्हणाला.

"मिस्टर प्रुइट, असू दे."

"काढ."

तिने हात काढला. त्याने त्या काडतुसाकडे बघितलं. मग मर्ललाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "भरलेलं होतं. मी आधी स्लाइड ओढली आणि मॅगझीन नंतर काढलं. पहिलं बाहेर पडलं आणि दुसरं त्याच्या जागी जाऊन बसलं."

वर्गातल्या अकरा वर्षांच्या पोरालाही हा क्रम तो पहिल्याच शनिवारी पाठ करून घ्यायचा. आधी मॅगझीन, मग स्लाइड. उलट केलं की एक काडतूस बाहेर पडताना दिसतं, जीव भांड्यात पडतो, आणि नेमकं तेव्हाच आत दुसरं असतं. आणि वर सेफ्टीही काढलेली.

"कळलंच ना आत्ता," ट्वायला हळू म्हणाली. "करंगळी त्यासाठीच असते."

"घरी कोणाची आहे?" तो म्हणाला.

मर्लने कपात बघितलं. त्याच्या तोंडात बातमी आयती येऊन पडली होती, पण चेहरा मात्र घास अडकल्यासारखा झाला होता.

डेल्बर्टने खिशातलं मॅगझीन आणि काडतूस काढून काचेवरच्या काडतुसाशेजारी ठेवलं. मग पट्ट्याला अडकवलेलं पिस्तुलाचं चामडी म्यानही सोडून ठेवलं.

"वर्गाचा नियम काय होता, ट्वायला?"

"नका ना."

"तुला चांगला आठवतो."

आठवत होता. पस्तीस वर्षांपूर्वी वर्गात मागून मैत्रिणीने हाक मारली आणि ट्वायला रायफल घेऊनच वळली. नळी सगळ्या रांगेवरून फिरली. त्याने आवाज न चढवता रायफल काढून घेतली आणि तिला घरी पाठवलं.

"चूक केली तर हत्यार इथे ठेवायचं," ती म्हणाली, "घरी जायचं, आणि संध्याकाळी सहाला घरी फोन येईल."

"तर मग सहाला फोन कर. चूक काय झाली ते सांग. मी रसेलशी आज रात्री बोलतो."

तो दाराकडे निघाला. हात नेहमीसारखा विजारीवर होता. बाहेर वाऱ्याने धूळ उडवली होती आणि त्याने ट्रकचं दार दोनदा ओढलं तेव्हा ते उघडलं. तो गेल्यावर मर्ल उठला, आपला कप विसळून उपडा ठेवला आणि दाराशी थांबून म्हणाला की आज मी इथे आलोच नव्हतो. मर्लच्या तोंडी असलं वाक्य गावाने कधी ऐकलं नसेल.

घरी आल्यावर डेल्बर्ट दिवा न लावता स्वयंपाकघरात बसला. एकतीस वर्षांत त्याने त्रेचाळीस पोरांना घरी पाठवलं होतं आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पुढच्या शनिवारी परत आली होती, याचा त्याला केवढा अभिमान. पोरांना कडकपणाच आवडतो, तो लोकांना सांगायचा, फक्त तसं दाखवत नाहीत. फोन करायचं काम नादीनचं. चूक काय ते सांग आणि ठेवून दे, असं बजावून तो मागच्या शेडमध्ये रायफली पुसायला जायचा. त्या संध्याकाळी त्याला भूक नसायची. नादीन आग्रह करत नसे, ताटावर झाकण ठेवायची. आज त्याला भूक होती की नाही हेही कळत नव्हतं. रसेलला काय सांगायचं ते त्याने मनात दोनदा म्हणून बघितलं, आणि दोन्ही वेळा शेवटचं वाक्य निघालं नाही.

सहाला फोन वाजला.

"डेल्बर्टच्या घरचं कोणी आहे का?" ट्वायलाचा आवाज होता.

"मीच आहे."

"मग तुम्हालाच सांगते. आज त्याच्या हातून एक चूक झाली. ती त्याला कळलीय, आणि लागलीयसुद्धा. आता घरी त्याला पुन्हा बोलू नका. काहीतरी गरम खायला घाला आणि शनिवारी परत पाठवा."

"मी तुला चूक सांगायला सांगितलं होतं. परत पाठवायचं मी कुठे म्हटलं?"

"मिसेस प्रुइट असंच म्हणायच्या."

"नादीन चूक सांगून फोन ठेवायची. मी तेवढंच सांगितलेलं असायचं तिला."

"चूक त्यांनी सांगितलीच नाही, मिस्टर प्रुइट. मी आईला चिकटून रिसीव्हरला कान लावून उभी होते. चूक नंतर मीच सांगितली, रडत रडत. मी आत्ता म्हटलं तेवढंच त्या म्हणाल्या, आणि वर म्हणाल्या, आमचे हे पोराला घरी पाठवतात खरे, पण त्या दिवशी स्वतः जेवत नाहीत. पोरगी शनिवारी आली नाही तर आठवडाभर जेवणार नाहीत, तेव्हा माझ्यासाठी म्हणून पाठवा."

डेल्बर्टने दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरली.

"सगळ्यांना हेच सांगायची?"

"शाळेत आम्ही एकमेकांना विचारलं होतं. सगळ्यांना."

मागच्या शेडचं दार वाऱ्याने आपटत होतं. तिथून फोनवरचं कधीच ऐकू येत नसे, एवढं त्याला आत्ता आठवलं. त्रेचाळीस वेळा ती इथे उभी राहून त्याचा शब्द मोडत होती आणि तो तिथे तेलाच्या फडक्याने नळ्या पुसत होता. त्याला तिचा फार राग आला, आणि राग काढायला ती इथे नाही म्हणून रडू आलं.

ट्वायलाने घाई केली नाही. मग ती म्हणाली, "शनिवारी दोन्ही पिस्तुलं काढून ठेवते. जुन्याची काय डागडुजी होते ते बघू, नाहीतर नवं शिकवते. मी तशी शिकवायला कडक आहे. आणि करंगळी माझी. रोज दुकान बंद केलं की तुमच्याच रस्त्याने घरी जाते मी, दहा मिनिटं वाट वाकडी करायला माझं काही जात नाही. पाठवताय ना त्याला?"

"रसेलला मी..." एवढं म्हणून तो थांबला. मग म्हणाला, "शनिवारी पाठवतो त्याला."

"जेवला का तो?"

"नाही अजून."

"मग आधी ते बघा," असं म्हणून तिने फोन ठेवला.

त्याने दिवा लावला, सूपचा डबा उघडून पातेल्यात ओतला आणि खालचा जाळ पेटवला. सूप गरम होईपर्यंत तो शेगडीपुढे उभा राहिला. कमरेला आज ओझं नव्हतं, तरी एका हाताने विजार धरूनच.