तोवाच्या हातचं पथ्य

"आजपण डबा तसाच?" पनिनाने झाकण उघडून विचारलं.

"भूक नव्हती," बूट काढता काढता नेहेम्या म्हणाला.

भूक नव्हती म्हणे! पाच महिन्यांनी त्याच्या गालांवर जरा मांस धरू लागलं होतं, दिवसातून दहादा संडासाकडे धावणं तिनावर आलं होतं, आणि याला म्हणे भूक नव्हती. पनिना काही दुधखुळी नव्हती. शेजारच्या येहुदितने तिला केव्हाच सांगून टाकलं होतं. देश सोडून इकडे आल्यापासून नेहेम्या डिमोना गावच्या ज्या कापडगिरणीत कामाला होता, तिथल्या जेवणघरात तोवा नावाची रुमानियाची विधवा स्वयंपाकीण होती. ती त्याच्यासाठी रोज वेगळं पातेलं चढवायची. मऊ भात, उकडलेलं गाजर, बिनमसाल्याची कोंबडी.

आतड्याला सूज आहे, एका जागी ते अरुंद झालंय, असं डॉक्टरने सांगितलं होतं. तिखट, खोबरं, बिया, दाणे बंद. पनिनाने तेही केलं की! मिरच्या सहाच्या चार केल्या, खोबरं निम्म्यावर आणलं. याहून कमी करायचं म्हणजे आजाऱ्याला जेवण नव्हे, शिक्षा द्यायची, असं तिचं प्रामाणिक मत होतं.

नवरा बरा होतोय याचा तिला आनंद व्हायला हवा होता. झाला तो जळफळाट. रेवदंड्याला लग्न झाल्यापासून सत्तावीस वर्षं हा माणूस तिच्या हातचं जेवला, ताटात कधी शीत उरवलं नाही. आणि त्याचं पोट सुधारायला फोडणी म्हणजे काय ते ठाऊक नसलेली परकी बाई लागली! दुखण्याने तळमळत होता तेव्हा निदान आपला तरी होता, असं तिच्या मनात आलं. ती स्वतःच दचकली, पण विचार काही हटला नाही.

एकदा घराची किल्ली द्यायच्या निमित्ताने ती गिरणीत गेली. तोवा कमरेवर हात ठेवून नेहेम्याला हिब्रूत रागावत होती आणि तो चक्क हसत होता. घरी जेवताना हा शेवटचा कधी हसला होता? पनिना किल्ली न देताच परतली.

त्याच आठवड्यात तिने एलियाहू हन्नाबीचा, त्यांच्या ज्यू धर्मातल्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताचा, नवस फेडायचं ठरवलं. नवस बोलली होती ती 'पूर्ण बरे झाले की' असा. पूर्ण बरा तो झाला नव्हता. घाई तिलाच झाली होती. नेहेम्याला गुण आला तो एलियाहू हन्नाबीमुळे, तोवाच्या गाजरामुळे नाही, हे चार लोकांसमोर एकदा ठरून जाऊ दे. म्हणून तिने तोवालाही आमंत्रण दिलं.

गुरुवारी संध्याकाळी घर भरलं. मधोमध मलिद्याचं ताट. भिजवलेले गोड पोहे, मुंबईहून आलेलं खोबरं, बदाम, पिस्ते, वर खजूर आणि फळं. प्रार्थना म्हणणाऱ्या अबाजींनी आशीर्वाद म्हटले. पनिनाने पहिली वाटी भरली, चांगली शिगोशीग, आणि नेहेम्यासमोर धरली.

"इम्मा, असूर लो!" लष्करातून रजेवर आलेली त्यांची लेक डिना ओरडली. त्याला चालत नाही, हे आईला सांगायला तिला मराठी आठवलं नाही.

"नवसाची वस्तू आहे. त्याने काय होतंय?"

नेहेम्याने वाटीकडे पाहिलं, मग बायकोकडे. मुकाट्याने त्याने वाटी रिकामी केली. पनिना त्याच्याकडे बघतच नव्हती, ती तोवाकडे बघत होती. कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेहेम्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. उलट्या थांबेनात. बेरशेवाच्या इस्पितळात त्याच्या नाकातून नळी घातली. आतडं तुंबलंय, बहुतेक कापावं लागेल, असं डॉक्टर म्हणाला. पनिना दोन दिवस बाकावर बसून होती. आपण नवऱ्याला आपल्या हाताने मारलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. तिसऱ्या दिवशी न कापताच आतडं मोकळं झालं.

त्या सकाळी तोवा आली आणि तिच्या शेजारी बसली. दोघींची हिब्रू सारखीच मोडकी. पनिना ऐकून घ्यायच्या तयारीने मान खाली घालून बसली होती, पण तोवा मलिद्याचं काही बोललीच नाही.

"फार हट्टी नवरा तुझा," ती म्हणाली. "रोज अर्धं ताट उरवतो. मी ओरडते, तर ताट माझ्याकडेच सरकवतो."

उरवतो! माझ्या ताटात शीत उरवत नाही आणि हिचं अर्धं टाकतो! एवढ्या दुःखातही पनिनाला गुदगुल्या झाल्या. तोवा गेल्यावर तिने खाटेशी जाऊन विचारलंच.

"तिच्याकडचं टाकायचात म्हणे?"

"पोट भरलं की टाकायचो." नेहेम्याचा आवाज नळीने बसला होता. "तिला नको म्हटलं की शिव्या देते, ताट उचलते. संपलं. तुला एकदा म्हटलं होतं, रेवदंड्याला. लग्नाच्या पहिल्या महिन्यात. तीन दिवस जेवली नव्हतीस तू."

पनिनाला ते आठवलं.

"म्हणून तिकडे जेवायचात?"

त्याने होकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "मलिदा सोसायचा नाही, ते ठाऊक होतं मला."

"अहो, मग खाल्लात कशाला?"

"तू वाटी धरून उभी होतीस ना."

पनिना पदर तोंडाशी धरून रडली. बाजूच्या खाटेवरच्या माणसाने कूस वळवली.

चौथ्या दिवशी डॉक्टरने पातळ कांजी द्यायला सांगितली. पनिनाने ती घरून करून आणली. चिमूटभर मीठ, दुसरं काही नाही. पहिला चमचा त्याने घेतला. दुसरा घेतला. तिसरा तिने भरला तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं, जरा थांबला, आणि हळूच म्हणाला, "पुरे."

चमचा तसाच राहिला. 'अजून एकच' हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते.

"बरं," ती म्हणाली.

नेहेम्याने डोळे मिटले. भरलेली वाटी मांडीवर घेऊन ती खुर्चीत बसून राहिली. कांजी निवली, तिच्यावर साय धरली, तरी तिने त्याला उठवलं नाही.