दहा वर्षांचा अंतिओखस

नरेंद्रकाकांनी तिसऱ्यांदा ऑपरेशन कॅन्सल केलं, तेव्हा मात्र डॉ. शरयूचा धीर संपला. क्लिनिक आटोपून ती घरी न जाता थेट त्यांच्याकडे गेली. शुगर लँड या अमेरिकन उपनगरात दोघांची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. ऑगस्टचा उकाडा असा, की गाडीतून दारापर्यंत जाईतो तिचा कुर्ता पाठीला चिकटला.

"तूच समजाव बाई," शुभाकाकू दारातच म्हणाल्या. "कळ आली की फरशीवर गडबडा लोळतात, पण ऑपरेशनचं नाव काढलं की तोंडाला कुलूप!"

काकांच्या मूत्रपिंडात वाटाण्याएवढा खडा होता. दुर्बिणीने आत जाऊन लेझरने फोडायचा. असं काम शरयू आठवड्यातून चार वेळा करत असे. आणि काका काही भित्रे नव्हते. समुद्रातल्या तेलविहिरींवर तीस वर्षं इंजिनियर म्हणून काढलेला माणूस.

"काका, भीती कशाची वाटते तुम्हाला?" तिने सरळच विचारलं.

 काका उठून तिला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि त्यांनी कपाटाचा खण उघडला. रिटायर झाल्यापासून त्यांना जुन्या नाण्यांचा नाद होता. "हात पुढे कर," ते म्हणाले आणि चांदीचं एक जाड नाणं त्यांनी तिच्या तळव्यावर ठेवलं.

नाणं गार होतं आणि दिसत होतं त्याहून जड. त्यावर एका मुलाचा चेहरा होता. गोबरे गाल, मानेवर रुळणारे कुरळे केस आणि डोक्याभोवती सूर्यासारखे किरण. ओठ किंचित उघडे, आत्ता काही विचारेल असे.  कुणा कारागिराने साडेएकवीसशे वर्षांपूर्वी हा गाल कोरला होता, आणि तो अजून टवटवीत होता.

"कोण हा?"

"अंतिओखस सहावा. चंद्रगुप्ताशी तह करणारा सेल्युकस माहितीये ना? त्याच्या गादीवरचा. ट्रायफॉन नावाच्या सरदाराने याला सीरियाचा राजा केलं, तेव्हा हा जेमतेम तीन-चार वर्षांचा. नाण्यावर जरा मोठा दाखवलाय. लोकांना सांगितलं, हा साक्षात देव आहे. मग सरदारालाच गादी हवीशी झाली."

"मारलं?"

"जुन्या इतिहासात लिहिलंय, की त्याने वैद्य फितवले. राजाला मुतखडा झालाय, फार तळमळतोय, अशी वैद्यांनी हूल उठवली. कापायला घेतलं आणि तिथेच संपवलं. दहा वर्षांचा होता गं."

शरयूने तळव्यावरच्या त्या चेहऱ्याकडे पुन्हा पाहिलं. तिच्याच कामाच्या नावाखाली!

"आणि खडा?"

"खडा नव्हताच."

तिच्या जिभेवर आलेलं, ऑपरेशन किती सुरक्षित असतं वगैरे, सगळं तिथेच विरलं. तिने नाणं दोन्ही हातांनी, देवाची मूर्ती द्यावी तसं परत दिलं.

"काका, उद्या सकाळी क्लिनिकला या. ऑपरेशनला नाही, नुसतं बघायला. तुमचा खडा दाखवते. त्या पोराला कुणी दाखवला नव्हता."

काका आले. काळ्या पडद्यावर त्यांच्याच शरीरातला पांढरा ठिपका त्यांनी चष्मा वर करून, नाक टेकेपर्यंत जवळ जाऊन पाहिला. बारा मिनिटं प्रश्न विचारले. मग म्हणाले, "शुक्रवारी करून टाक. पण भूल देईपर्यंत शुभा माझ्याजवळ हवी."

शुक्रवारी काकूंनी त्यांचा हात धरला होता. काकांनी शरयूकडे पाहिलं. "चल, कर तुझं काम," म्हणाले आणि डोळे मिटले.

वीस वर्षांत हजारो माणसांनी तिच्यासमोर असे डोळे मिटले होते. आज पहिल्यांदाच तिने ते पाहिलं. ज्याला सगळं ठाऊक आहे, राजालासुद्धा अशाच टेबलावर दगा होतो हे ठाऊक आहे, तो माणूस आपणहून तिच्या हातात जीव ठेवून निजला होता. केवढं हे! तिने हातमोजे घातलेले हात क्षणभर छातीशी धरले. नर्सला वाटलं, ती काही विसरली असेल.

"एव्हरीथिंग ओके, डॉक्टर?"

"येस," ती म्हणाली, आणि दुर्बीण हातात घेतली.

चाळीस मिनिटांत खड्याचा भुगा झाला. शरयू बाहेर आली तेव्हा शुभाकाकू खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. त्यांनी काही विचारायच्या आत ती त्यांच्या शेजारी बसली.

"काकू, छान झालं सगळं. शुद्धीवर येतायत. चला, आत जाऊ या."