सग्डेन भावंडांची मर्यादा

हिलरी सग्डेनला गावच्या कौन्सिलचा फोन आला तेव्हा ती आपल्याच हॉटेलातल्या समुद्राकडच्या खोलीत, पाहुण्यांच्या पलंगावर चहाचा मग पोटावर ठेवून पडली होती. जानेवारी महिना होता. साथीतली तिसरी टाळेबंदी लागली होती आणि स्केलविकच्या किनाऱ्यावर समुद्रपक्षी सोडले तर कोणाचाच धंदा चालू नव्हता.

फोनवर प्रॉसर नावाचे गृहस्थ होते. टाळेबंदीत बंद राहिलेल्या धंद्यांना सरकारी अनुदान वाटायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि गेलं जवळजवळ वर्षभर ते हे काम आपल्या घराच्या माळ्यावरून करत होते. मागे कुत्रं भुंकत होतं.

"तुमचा अर्ज माझ्यासमोर आहे, बाई," ते म्हणाले. "अर्जात काही चूक नाही. अडचण एवढीच आहे की तुमचा समूह मर्यादेला टेकलाय."

"कसला समूह?"

"सग्डेन समूह."

हिलरीने चहाचा मग बाजूच्या टेबलावर ठेवला. असा काही समूह असल्याचं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

प्रॉसरनी न कंटाळता समजावून सांगितलं. अनुदान दर दुकानामागे, दर हॉटेलामागे मिळत होतं हे खरं, पण एका मालकाने सगळं मिळून किती घ्यायचं याला मर्यादा होती. आणि मालक कोण हे दारावरच्या पाटीवरून ठरत नव्हतं, शेअर कोणाच्या नावावर आहेत त्यावरून ठरत होतं. हिलरीचं अल्बेनी हॉटेल, थोरला भाऊ रोलंडची नाणी टाकून खेळायच्या यंत्रांची दालनं आणि धाकटी बहीण ग्वेंडाचा, पुकारलेले आकडे खोडत खेळायचा बिंगो हॉल, या तिन्ही कंपन्यांचे निम्म्याहून जास्त शेअर एकाच व्यक्तीकडे होते.

"मिसेस विनिफ्रेड सग्डेन," प्रॉसर म्हणाले. "या कोण?"

"आई."

"मग नियमाप्रमाणे तुम्ही तिघं मिळून एकच आर्थिक घटक आहात."

"अहो, आमचे बाबा गेल्यापासून आम्ही तिघं एका टेबलावर जेवायला बसलेलो नाही."

"सध्या कोणालाच बसता येत नाही, बाई. ते यात धरत नाहीत."

मर्यादेत आता एकाच धंद्यापुरती जागा उरली होती आणि अर्ज होते तीन: अल्बेनीचा, बिंगो हॉलचा आणि रोलंडच्या धक्क्यावरच्या दालनाचा. बाकीची मर्यादा कोणी खाल्ली हे विचारायची गरज नव्हती. रोलंडची दालनं किनाऱ्याच्या रस्त्यावर ओळीने उभी होती, आणि टाळेबंदीची बातमी लागून टीव्ही बंद व्हायच्या आत त्याचे अर्ज गेलेले असत. आता तिघांपैकी कोणाचा अर्ज ठेवायचा ते तिघांनी एकमताने कळवायचं होतं. खाली आईची सही.

एकमत हा शब्द प्रॉसर अगदी सहज बोलून गेले. त्यांचा सग्डेन कुटुंबाशी आधी संबंध आलेला नव्हता.

बाबांनी जाण्यापूर्वी तिघांना तीन धंदे वाटून दिले, पण शेअर आईच्या नावावरून हलवायचं काम सावकाश करू म्हणून ठेवलं, आणि सावकाशच राहिलं. भांडण झालं ते त्यांच्या थडग्याच्या दगडावरून. दगडावर 'सग्डेन खेळदालनांचे संस्थापक' असं कोरावं असं रोलंडचं म्हणणं. मग हॉटेलाचं काय, हिलरी म्हणाली. बिंगोचं काय, ग्वेंडा म्हणाली. शेवटी दगडावर नुसतं नाव आणि दोन सालं राहिली, आणि तिघं आपापल्या दारामागे गेली. गाव एवढं लहान की रोज कोणीतरी कोणाला दिसायचंच. दिसलं की मान हलवायची आणि पुढे जायचं.

प्रॉसरचा फोन आला त्याच संध्याकाळी तिघं व्हिडिओ कॉलवर भेटली. रोलंडचं फक्त कपाळ दिसत होतं. ग्वेंडा बराच वेळ तावातावाने बोलली, पण तिचा आवाज बंद होता.

"ग्वेंडा, तुझा आवाज येत नाहीये," हिलरी म्हणाली.

"असू दे," रोलंडचं कपाळ म्हणालं. "बरं चाललंय."

ग्वेंडाने आवाज चालू केला. "मी म्हणत होते, सगळ्यांच्या वाटणीचं तू एकट्याने गिळलंस, आणि आता धक्क्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडसाठीही तुलाच पाहिजे."

"मला काय माहीत तुम्ही माझ्या समूहात आहात? मी तुम्हाला कधी घेतलं नव्हतं."

"तुझा समूह?" ग्वेंडा म्हणाली.

एकमत झालं नाही. ठरलं एवढंच, की आईला विचारायचं.

विनिफ्रेडबाई ऐंशी ओलांडलेल्या होत्या. गावाच्या वरच्या अंगाला छोट्या बंगल्यात एकट्या राहायच्या. लशीची एक मात्रा झाली होती, तरी घरात कोणी यायचं नव्हतं. हिलरी आठवड्याचं सामान पायरीवर ठेवून मागे सरायची आणि काचेतून हात करायची. तिघांनी बागेत जमायचं तर तेही नियमात बसत नव्हतं. रोलंडला तोड सुचली.

"आपण एकच धंदा आहोत असं कौन्सिलच म्हणतंय ना?" तो म्हणाला. "मग ही कामाची बैठक झाली. कामाच्या बैठकीला परवानगी आहे."

हिलरीने प्रॉसरना फोन करून विचारलं. यावर मला मत देता येणार नाही, प्रॉसर म्हणाले, आणि कुत्र्याला गप्प केलं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिघं आईच्या बागेत आली. रोलंडने घडीची खुर्ची आणली होती, ग्वेंडाने थर्मास. हिलरी कुंपणाशी उभी राहिली. विनिफ्रेडबाईंनी बैठकीच्या खोलीची खिडकी उघडून आत खुर्ची मांडली होती. अंगावर कोट, डोक्याला टोपी, मांडीवर मांजर.

"मी घटक आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "असो. कोणाला कशाला पाहिजे ते एकेकाने सांगा. रोलंड, तू आधी. नाहीतरी तू मध्ये बोलशीलच."

रोलंडने खिशातून कागद काढला. त्यावर मुद्दे होते. धक्क्यावरच्या खाऱ्या हवेने यंत्रं आतून गंजतात, बंद ठेवली तर उन्हाळ्यात सुरूच होणार नाहीत, आणि धक्क्यावरचं दालन बंद राहिलं तर लोक रस्त्याच्या त्या टोकापर्यंत येणारच नाहीत. त्याने चांगलं मांडलं. खोटं काही नव्हतं.

मग ग्वेंडा. तिने कागद आणला नव्हता. हॉलच्या छपरातून पाणी येतंय आणि कामावरच्या बायकांना ती अजून धरून आहे, एवढं ती म्हणाली आणि थांबली.

"आणि फोनचं सांग," आई म्हणाली.

"त्यात काय सांगायचं?"

"ही दर गुरुवारी संध्याकाळी फोनवरून बिंगोचे आकडे पुकारते," विनिफ्रेडबाईंनी दोघांना सांगितलं. "माझ्यासारख्या घरात अडकलेल्यांसाठी. पैसे नाही काही. जिंकलं तर दारात केक ठेवून जाते. मागच्या आठवड्यात मी जिंकले. केक जरा कोरडा होता."

रोलंड बहिणीकडे पाहत राहिला. त्याला हे ठाऊक नव्हतं. हिलरीलाही नव्हतं. आठवड्याला सामान आणणारी आपण, म्हणजे आईचं सगळं आपल्याला माहीत, असं ती धरून चालली होती. कुंपणाचा ओला खांब तिने हाताने धरला.

"हिलरी?"

"मला नको," हिलरी म्हणाली.

"नको म्हणजे?" रोलंड म्हणाला. "अर्ज तूच केलास ना?"

"केला. सगळेच करत होते."

"मग हॉटेल उघडणार कशावर?"

"उघडायचंच नाहीये मला."

हे ती मोठ्याने पहिल्यांदाच बोलत होती. तिला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. "इतकी वर्षं मी त्या हॉटेलात राहते आणि झोपते कुठे, तर मागे, बॉयलरशेजारी. पुढच्या खोल्या पाहुण्यांच्या. गेल्या मार्चमध्ये पाहुणे गेले आणि मी सात नंबरमध्ये झोपायला गेले. पहिले काही दिवस वाटायचं, कोणी येऊन उठवेल. कोणी आलं नाही. सकाळी उठून मी समुद्राकडे बघत बसते. कोणाला अंडं कसं हवंय ते मला विचारावं लागत नाही. मला वाईट वाटायला पाहिजे, लोक मरतायत. वाटतंही. पण हॉटेल बंद आहे याचं नाही वाटत."

 ग्वेंडाने थर्मासच्या झाकणात चहा ओतला, कुंपणाजवळच्या दगडी कठड्यावर ठेवला आणि नियमाप्रमाणे मागे सरली.

रोलंड मात्र दुखावला गेला. "असं सोडून द्यायचं नसतं," तो म्हणाला. "मी तुझ्याविरुद्धसुद्धा मुद्दे लिहून आणले होते."

"वाच की मग," हिलरी म्हणाली.

त्याने कागदाकडे पाहिलं. "आता काय उपयोग," तो म्हणाला आणि घडी घातली.

विनिफ्रेडबाईंनी ग्वेंडाच्या नावापुढे सही केली. "तुझं पोट भरलंय, रोलंड," एवढंच कारण दिलं. रोलंडने वाद घातला नाही. खुर्ची मिटताना त्याचं बोट अडकलं, तेव्हा मात्र तो पुष्कळ बोलला.

मार्चमध्ये प्रॉसरचा पुन्हा फोन आला. सरकारने मर्यादा वाढवली होती. थोडीथोडकी नाही, एवढी की सग्डेन मंडळींनी आणखी एक रस्ताभर दालनं काढली असती तरी बसली असती. तिघांचेही अर्ज आता मंजूर होऊ शकत होते.

"म्हणजे ती सगळी बैठक..." हिलरी म्हणाली.

"त्या तारखेला ती बरोबर होती, बाई," प्रॉसर म्हणाले.

अर्जात एक ओळ होती: टाळेबंदी उठल्यावर धंदा पुन्हा सुरू करण्याचा इरादा आहे. त्यापुढे खूण करायची होती. हिलरीने कागद दोन दिवस स्वयंपाकघरात ठेवला. पैसे नको होते असं नाही. छपराचा खर्च तिच्याही डोक्यावर होता आणि बॉयलर म्हातारा झाला होता. आपण बागेत मूर्खासारखं बोलून गेलो का, असंही तिला वाटलं, आणि त्या विचाराने ती एक अख्खी दुपार खोल्या झाडत फिरली.

रोलंडचा फोन आला. बाबा गेल्यापासून त्याने आपण होऊन केलेला हा पहिलाच.

"खूण कर," तो म्हणाला. "इरादा काय, बदलतो."

"माझा बदललाय, तेच तर."

"अगं, पैसे देतायत ते."

"धंदा चालवणाऱ्याला देतायत. मी चालवत नाही."

"बाबा असते तर त्यांनी खूण केली असती."

"केली असती," हिलरी म्हणाली. "आणि हॉटेलही उघडलं असतं."

 मग रोलंडने हॉटेलामागची मोकळी जागा विकतेस का असं विचारलं. त्याला गाड्या लावायला हवी होती. किमतीवरून त्यांची आठवडाभर घासाघीस चालली, आणि शेवटी त्याने वाजवी पैसे दिले. आपण लुबाडले गेलो असं तो पुढे वर्षभर गावाला सांगत होता. जागेच्या त्या पैशांत, अर्जावर खूण न करताही, हिलरीचं भागणार होतं.

त्याच वसंतात विनिफ्रेडबाईंनी वकिलाला बोलावून शेअर तिघांच्या नावावर केले. मरेपर्यंत आर्थिक घटक होऊन बसायची माझी इच्छा नाही, त्या वकिलाला म्हणाल्या. मे महिन्यात बिंगो हॉल उघडला, नव्या छपराखाली. गुरुवारचे फोन ग्वेंडाने बंद केले नाहीत, कारण आई आणि तिच्या मैत्रिणी हॉलमध्ये यायला तयार नव्हत्या. घरी बसून बरं पडतं, असं त्यांचं म्हणणं.

त्या उन्हाळ्यात परदेशी जाता येत नाही म्हणून अख्खा देश आपल्याच किनाऱ्यांवर लोटला. स्केलविकमध्ये कोणाच्या आठवणीत झाली नव्हती एवढी गर्दी झाली. लोक गाड्यांमध्ये झोपत होते. अल्बेनी उघडं असतं तर कपाटंसुद्धा भाड्याने गेली असती, असं रोलंडने दोनदा येऊन सांगितलं. हिलरीने पाटी उतरवली होती, पण भिंतीवर नावाचा फिका ठसा राहिला होता आणि लोक तो वाचून बेल दाबायचे.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी एक जोडपं दारात उभं होतं. बाईच्या खांद्यावर झोपलेलं मूल होतं.

"एखादी खोली मिळेल का?" माणसाने विचारलं. "कसलीही चालेल."

"इथे आता फक्त मी राहते," हिलरी म्हणाली.

त्याने मान वर करून खिडक्यांच्या रांगा पाहिल्या. मग तिच्याकडे पाहिलं.

"या सगळ्यांत?"

"आलटून पालटून," हिलरी म्हणाली. तिने आत जाऊन फोन फिरवला. वरच्या रस्त्यावरच्या एका ओळखीच्या घरी त्यांच्यासाठी खोली मिळाली. कसं जायचं ते सांगितलं, ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत पायरीवर उभी राहिली, आणि मग आत जाऊन स्वतःपुरते बटाटे सोलायला बसली.